ट्रान्सफर जेल: सागाच्या फळीवर उतरलेले आजोबा

आजोबांचा जुना फोटो सागाच्या फळीवर उतरवायचा म्हणून क्रॉफर्ड मार्केटजवळच्या अब्दुल रहमान स्ट्रीटवरील एका दुकानातून मी ट्रान्सफर जेलची, म्हणजे कागदावरची छपाई लाकडावर उतरवणाऱ्या चिकट लेपाची, छोटी बाटली आणली. जेल दाट असून ब्रशने एकसारखे पसरते. त्यावर फोटोची प्रिंट पालथी चिकटवायची आणि वाळल्यावर कागद भिजवून चोळून काढायचा, म्हणजे चित्र फळीवर राहते. प्रिंट मात्र लेझरचीच हवी, कारण तिचा टोनर म्हणजे मुळात प्लास्टिकची भुकटी असल्याने तो पाण्यात विरघळत नाही, तर इंकजेटची शाई बहुधा ओल्या बोटाखाली फिसकटते. फोटोत अक्षरे असतील तर प्रिंट आरशातल्यासारखी उलटी काढून घ्यावी.

बाटलीवर २४ तास वाळवण्याची सूचना आहे. जुलैच्या दमट हवेत, आमच्या दादरच्या घरात, तेवढा वेळ पुरला नाही आणि कागद चोळताना आजोबांच्या फेट्याचा काठच निघून आला, याचे मला फार वाईट वाटले. दुसरी फळी दोन दिवस ठेवली. मग ओल्या स्पंजाने कागद भिजवून बोटाच्या पेराने हलकेच चोळला, तेव्हा लगद्याच्या बारीक वळ्या सुटत गेल्या आणि खालून मिशीचा केस न् केस दिसू लागला. वाळल्यावर पांढुरकी झाक परत येते, ती पुन्हा भिजवून काढावी लागते. शेवटी वॉर्निशचा हात दिल्यावर काळा रंग खुलला. पावसाळ्यात बाटलीवरच्या वेळेवर विसंबू नये, एवढे सांभाळल्यास हे जेल मी निःशंकपणे सुचवेन.