टाकी उपसावी की वरून डिझेल भरावे?

निपाणीजवळ राष्ट्रीय महामार्ग ४८ वरील एका पंपावर आमच्या मेहुण्यांच्या डिझेल गाडीत ५ लिटर पेट्रोल पडले. टाकी उपसावी की उरलेली जागा डिझेलने भरून बेळगावकडे निघावे, असे त्यांनी फोनवर विचारले.

खर्च पाहिला तर दुसरा मार्ग स्वस्त दिसतो, कारण गाडी ओढून नेण्याचे, टाकी उपसण्याचे आणि फिल्टर बदलण्याचे पैसे वाचतात. परंतु कॉमन रेल इंजिनातील (म्हणजे सर्व सिलिंडरांना एकाच सामाईक नळीतून उच्च दाबाने डिझेल पुरवणाऱ्या आजच्या इंजिनातील) उच्च दाबाच्या पंपाला वंगण मिळते ते डिझेलचेच. त्यात पेट्रोल मिसळले की पंप झिजू लागतो, धातूचा कीस इंधन फवारणाऱ्या इंजेक्टरपर्यंत पोहोचतो आणि मग येणाऱ्या खर्चापुढे टोईंगचे बिल किरकोळ ठरते. वेळ मात्र उपसण्यातच अधिक जातो. शिवाय पेट्रोलची वाफ चटकन पेट घेते, म्हणून रस्त्याकडेला तोंडाने नळी ओढण्याचा पराक्रम कोणी करू नये.

यांत्रिक पंपाच्या जुन्या जीपमध्ये अगदी थोडे पेट्रोल गेले असेल, तर डिझेलने टाकी भरून घेणे एक वेळ चालेल. कॉमन रेल गाडीवाल्याने टाकी उपसूनच घ्यावी आणि तोवर किल्लीही फिरवू नये, कारण अनेक गाड्यांत टाकीतील विद्युत पंप तेवढ्यानेच सुरू होतो.