काचबिंदूचे थेंब: लॅटानोप्रोस्ट आणि त्याला जोडलेली दुसरी बाटली, वर्षभराच्या वापरानंतर

लॅटानोप्रोस्टचे थेंब चालू करून वर्ष होत आलं. मधे डॉक्टरांनी त्याला डॉर्झोलामाइड आणि टिमोलॉल एकत्र असलेली दुसरी बाटली जोडली. दोन्हींचा अनुभव सविस्तर लिहितोय, कारण औषध सुरू झालं तेव्हा मला ज्या बारीकसारीक गोष्टी हव्या होत्या त्या कुठे एकत्र सापडल्या नाहीत.

हे थेंब घालून काहीच वाटत नाही, हे आधी मनात पक्कं करावं लागतं. माझा डोळा कधी दुखत नव्हता. आधीही नीट दिसत होतं, आजही तेवढंच दिसतं. माझ्या प्रकारच्या काचबिंदूत डोळ्यातलं पाणी बाहेर पडायची वाट हळूहळू तुंबते, आतला दाब वाढतो आणि मेंदूकडे जाणारी नस झिजत जाते. नजर कडेने कमी होते, समोरचं बराच काळ शाबूत राहतं, म्हणून माणसाला पत्ता लागत नाही. झिजलेली नस कुठल्याच थेंबाने परत येत नाही. थेंब दाब उतरवतात आणि उरलेली नस राखतात. त्यामुळे ‘गुण आला का?’ हे आपल्या नजरेला विचारून उपयोग नाही. दाबाचा आकडा, फिल्ड टेस्टचा (कडेपर्यंत किती दिसतं ते तपासणारी चाचणी) कागद आणि ओसीटी (नसेची जाडी दाखवणारं स्कॅन), यांनाच विचारायचं.

माझा दाब (तो पाऱ्याच्या मिलिमीटरमध्ये मोजतात) सुरुवातीला उजव्या डोळ्यात २८ आणि डाव्यात २६ होता. १० ते २१ साधारण धरतात. रोज रात्री लॅटानोप्रोस्टचा एकेक थेंब सुरू केल्यावर पुढच्या तपासणीत २० आणि १९ आला. मला वाटलं, झालं काम. पण मिरजेच्या डॉक्टरांनी ओसीटीचा रिपोर्ट समोर ठेवला आणि म्हणाले, “काका, २० हा दुसऱ्या कुणाला चालेल. तुमच्या उजव्या डोळ्याची नस आधीच पातळ झालीय, तिला अजून खाली पाहिजे.” प्रत्येकाचा दाब किती खाली आणायचा हे त्याच्या नसेवर ठरतं, हे मला तेव्हा समजलं. दुसरी बाटली जोडल्यापासून दोन्ही डोळे पंधरा-सोळाच्या आसपास आहेत. फिल्ड टेस्टमध्ये नवीन काळा डाग वाढलेला नाही. मी औषधाला पूर्ण समाधानाचं प्रशस्तिपत्र देतो ते एवढ्यावरच.

आता घालायची पद्धत. यावर मी सगळ्यात जास्त लिहिणार, कारण निम्मं औषध या पद्धतीत आहे. मी सांगलीच्या मार्केट यार्डात हळदीच्या अडत दुकानात दिवाणजी आहे. हंगामात सौद्याच्या दिवसांत हात, कॉलर, वहीची पानं, सगळं पिवळं. म्हणून घरी आल्यावर कोपरापर्यंत साबणाने हात धुतल्याशिवाय बाटलीला हात लावत नाही. मग पाठीवर आडवं व्हायचं, खालची पापणी बोटाने ओढून खोबण करायची आणि बाटलीचं टोक कशालाही न टेकवता एक थेंब सोडायचा. एकच. डोळ्यात मुळात एका थेंबालाही पुरी जागा नसते, दुसरा गालावरून ओघळतो आणि पैसे वाया जातात. थेंब पडला की डोळा हलकेच मिटायचा, उघडझाप करायची नाही, आणि नाकाकडचा कोपरा बोटाने दोन मिनिटं दाबून धरायचा. तिथून बारीक नळी नाकात आणि पुढे घशात उतरते. दाबलं नाही तर औषध त्या वाटेने रक्तात जातं.

याची खूण दुसऱ्या बाटलीने आपोआप दिली. डॉर्झोलामाइड कडू असतं. कोपरा नीट दाबला त्या दिवशी घसा स्वच्छ, ढिला पडला की पाचेक मिनिटांत जिभेच्या मागे कडवटपणा. आता कडू लागलं हे बायकोला सांगायची गरज पडत नाही, माझा चेहरा बघून तीच म्हणते, “आज बोट सरकलं वाटतं.” दोन वेगळे थेंब एकाच वेळी घालायचे असतील तर मधे किमान पाच मिनिटं सोडायची, नाहीतर दुसरा पहिल्याला धुऊन काढतो. माझं वेळापत्रक असं: जोडीची बाटली सकाळी यार्डात निघण्याआधी आणि संध्याकाळी घरी आल्यावर, लॅटानोप्रोस्ट रात्री जेवणानंतर. यार्डात बाटली न्यावी लागत नाही, हे धुळीच्या दृष्टीने फार बरं झालं.

टिमोलॉल देण्याआधी डॉक्टरांनी दमा आहे का, नाडी मंद चालते का, हृदयाची काही तक्रार आहे का, हे खोदून विचारलं आणि नाडी मोजली. डोळ्याचा थेंब म्हणून हा प्रश्न हलका घेऊ नका. दम्याच्या माणसाला टिमोलॉलने श्वास कोंडू शकतो, नाडी आणखी उतरू शकते. डॉक्टरांनी विचारलं नाही तर आपण होऊन सांगा. सल्फाच्या गोळ्यांची ॲलर्जी असेल तर तेही सांगा, डॉर्झोलामाइड त्याच घराण्यातलं आहे.

त्रास म्हणाल तर लॅटानोप्रोस्टने सुरुवातीचे काही आठवडे डोळे लाल दिसायचे. दुकानात लोक विचारायचे, जागरण झालं का. पुढे लाली उतरली. पापण्यांचे केस लांब आणि दाट झालेत, डोळ्यांभोवतीची कातडी किंचित काळवंडलीय. म्हणून बाहेर आलेलं औषध लगेच कापसाने टिपतो. घाऱ्या डोळ्यांच्या लोकांत बुबुळाचा रंग कायमचा गडद होऊ शकतो, माझे डोळे मुळात काळे असल्याने फरक दिसत नाही. दुसरी बाटली घातल्यावर क्षणभर झोंबते, तेवढंच. ज्यांना कोरडेपणा आणि जळजळ थांबतच नाही त्यांनी प्रिझर्व्हेटिव्ह नसलेल्या थेंबांबद्दल विचारावं. ते महाग पडतात, पण मिळतात.

लॅटानोप्रोस्टची बाटली अडीच मिलीची, थेंब साधारण ऐंशी. दोन डोळ्यांना रोज एकेक धरला तर महिना-सव्वा महिना जाते. न उघडलेली बाटली फ्रीजमध्ये ठेवायची, बर्फाच्या कप्प्यात नाही. उघडल्यावर किती आठवडे चालते ते बाटलीसोबतच्या कागदावर असतं. मी फोडल्याची तारीख पेनने लिहून ठेवतो. कागदावर बाहेर ठेवायला २५ अंशांची मर्यादा आहे. आमच्याकडे एप्रिल-मेमध्ये पारा चाळिशीला टेकतो, तेव्हा उघडलेलीसुद्धा फ्रीजच्या दारात ठेवतो. मेडिकलवाल्याला फ्रीजमधूनच काढून द्यायला सांगायचं, काउंटरवर उन्हात पडलेली नको. वडिलांनाही काचबिंदू होता. २०१९ च्या महापुरात गावभागातलं घर सोडून विश्रामबागला मेव्हण्याकडे गेलो तेव्हा आईने कागदपत्रांच्या पिशवीत पहिल्यांदा त्यांची बाटली आणि डोळ्यांची फाइल टाकली. सगळं ठप्प असताना त्यांचा एकही थेंब चुकला नाही. तेव्हापासून घरात एक जास्तीची बाटली असतेच.

यार्डातल्या लोकांसाठी एक गोष्ट तळमळीने सांगतो. हळदीची धूळ गेली, डोळा लाल झाला की मेडिकलमधून चिठ्ठीशिवाय थेंब आणायची आमच्या हमालांत सवय आहे. त्यातल्या पुष्कळ बाटल्यांत स्टेरॉइड असतं. एका दिवसात लाली जाते, म्हणून तीच बाटली आठवडेच्या आठवडे चालते, आणि काही माणसांत त्यानेच डोळ्याचा दाब चढतो, दुखल्याशिवाय. लाल डोळ्याला स्वच्छ पाण्याने धुवा आणि डॉक्टरांना दाखवा. स्टेरॉइड चालू असेल तर दाब मोजून घ्या.

काचबिंदू घरात चालतो, म्हणून तासगावच्या अक्काला हट्टाने तपासायला नेलं. तिचा दाब २४ निघाला, पण नस ठणठणीत, फिल्ड टेस्ट स्वच्छ. डोळ्याच्या पुढच्या पारदर्शक पडद्याची (कॉर्निया) जाडीही मोजली, ती बरीच जास्त. पडदा जाड असला की यंत्र दाब थोडा चढवून दाखवतं. तिला थेंब न देता ठरावीक अंतराने तपासायचं ठरलं. मी घाबरून म्हणालो, आत्ताच सुरू करू या का? त्यावर डॉक्टरांनी अमेरिकेतल्या एका मोठ्या अभ्यासाचे आकडे सांगितले. २००२ साली ते प्रसिद्ध झाले. नुसता दाब वाढलेल्या, नस चांगली असलेल्या लोकांत पाच वर्षांत थेंब न घेणाऱ्यांपैकी साडेनऊ टक्क्यांना काचबिंदू झाला, घेणाऱ्यांपैकी ४.४ टक्क्यांना. म्हणजे थेंबांनी धोका निम्म्याहून कमी होतो, पण न घेणाऱ्यांतही दहातल्या नऊ जणांना त्या काळात काही होत नाही. कुणाला द्यायचे ते पडद्याची जाडी, वय, नस बघून ठरतं. अक्काला हे पटलं, मलाही.

थेंबांऐवजी दाब उतरवण्यासाठी करतात त्या लेझरबद्दलही विचारलं. २०१९ साली ब्रिटनमधल्या अभ्यासात सुरुवातीलाच लेझर केलेल्यांपैकी सुमारे तीन चतुर्थांश लोकांना तीन वर्षांपर्यंत थेंबांशिवाय दाब राखता आला होता. माझ्या डोळ्याचा कोन, म्हणजे पाण्याच्या वाटेचं तोंड, उघडा असल्याने तो पर्याय मला आहे. सध्या आकडा आटोक्यात आहे आणि थेंब सोसतायत, म्हणून मी थेंबांवरच आहे. पुढच्या फिल्ड टेस्टमध्ये उजव्या डोळ्याची कड जरा जरी सरकलेली दिसली, तर लेझर करून घ्यायचं असं डॉक्टरांशी आत्ताच बोलून ठेवलंय.