पाणचक्की: सहलीत बघायची राहिलेली बाजू

मराठवाड्यातल्या शाळेची सहल म्हणजे वेरूळ, दौलताबाद, मकबरा आणि शेवटी, लेकरं पेंगायला लागली की, पाण्यावर चालणारी ती जुनी दळणाची चक्की, पाणचक्की. हौदातले मासे, भिंतीवरून पडणारं पाणी आणि तो अवाढव्य वड, एवढंच पुढे लक्षात राहतं. मोठेपणी छत्रपती संभाजीनगरात पुन्हा गेलात तर आवार लहान वाटेल. तरीही जा, पण या वेळी पाण्याच्या मागावर राहून बघा. डब्यासाठी थांबायची जागा समजून गेलात तर वीस मिनिटांत कंटाळा येईल.

सुरुवात धबधब्याच्या भिंतीपासून करा. पाणी इतक्या उंचीवर चढवायला इथे मोट नव्हती की रहाट नव्हता. उत्तरेच्या डोंगराकडचा उगम या भिंतीच्या माथ्यापेक्षा उंच आहे. तिथून सहा ते आठ किलोमीटर जमिनीखालून खापरी नळांतून येणारं पाणी आपल्या मूळ उंचीकडे परत चढू पाहतं, म्हणून ते भिंतीवर पोचतं. वाटेत घासण्यात थोडी उंची जाते, तेवढी भिंत उगमापेक्षा खाली ठेवायची.

खापरी नळ ठिसूळ असतो. सखल भागात पाण्याचा दाब वाढला की तो तडकतो. उंचवट्यावर हवा अडकली की धार तुटते. यावर उपाय म्हणजे नहरीच्या, म्हणजे या जमिनीखालच्या पाण्याच्या वाटेवरचे दगडी-चुन्याचे मनोरे. पाणी मनोऱ्यात वर चढतं, माथ्यावर मोकळं होतं, हवा सुटते, गाळ बसतो आणि पाणी दुसऱ्या बाजूने खाली उतरून पुढे निघतं. पुढच्या प्रत्येक मनोऱ्याचा माथा मागच्याच्या माथ्याहून किंचित खाली हवा. तो हिशेब चुकला की पाणी मागच्याच मनोऱ्यावरून सांडणार. निजामशाहीचा वजीर मलिक अंबर याने १६१० मध्ये खडकी, म्हणजे हेच शहर, वसवली आणि पुढे नहर-ए-अंबरी खोदली, तेव्हापासून हे शहर पाण्याची ही विद्या जाणून आहे. पाणचक्कीची नहर नंतरची.

आता चक्की. खाली पाण्याच्या जोराने फिरणारा लोखंडी पात्यांचा आडवा पंखा, त्यातून उभा दांडा आणि दांड्यावर दगड. खालची तळी जागची हलत नाही, वरची पाळू फिरते. जात्यासारखंच, फक्त खुंट्याला हात लावायचा नाही. पंखा आडवा असल्यामुळे दातेरी चाकांची भानगड नाही, पंख्याचा एक फेरा म्हणजे पाळूचा एक फेरा. सूफी संत बाबा शाह मुसाफिर यांच्या इथल्या दर्ग्यात येणाऱ्या फकिरांचं आणि वाटसरूंचं दळण यावर व्हायचं.

सगळ्यात भारी भाग मात्र बहुतेकांच्या पायाखालून निसटतो. हौद सुमारे १६४ फूट लांब आणि ३१ फूट रुंद आहे, आणि त्याचा तळ म्हणजे खालच्या प्रशस्त दालनाचं छत. एवढं पाणी जाडजूड खांबांनी डोक्यावर तोलून धरलंय, आणि त्या पाण्यामुळे दालन गार राहतं. जास्तीचं पाणी खाम नदीत जातं. मासे बघून झाले की काठावर उभं राहून लेकरांना विचारा, आपण जमिनीवर आहोत का माळवदावर?

वडाचं वय सहाशे वर्षं सांगतात. मोजलं कुणी, हे विचारू नये. सावली मात्र खरी आहे.

कधी जावं? सप्टेंबर ते जानेवारी. नहर भूजलावर जगते, त्यामुळे पाऊस कमी झालेल्या वर्षी उन्हाळ्यात धार बारीक होते किंवा थांबते, आणि मग चक्की म्हणजे नुसता दगड. शिवाय नळात झाडाची मुळी शिरली, वरून जड वाहन गेलं, कुणी पाया खोदला, की गळती सुरू. लांबून येणार असाल तर पाणी सुरू आहे का, हे गावातल्या ओळखीच्या माणसाला विचारूनच निघा.

पाणचक्कीजवळचा जुना महमूद दरवाजा अरुंद आहे, मोठी गाडी तिथून काढायच्या भरीस पडू नका. शुक्रवारची दुपार टाळा, नमाजाची गर्दी असते. मशीद आणि दर्ग्यापाशी चपला काढाव्या लागतात, फरशी तापते; सकाळी लवकर आलात तर पाय भाजत नाहीत. तासभर पुरतो. तिथून मकबरा जवळच आहे, तो दुसऱ्यांदा बघावा.