सासूबाईंचं तैलचित्र: एक पावसाळा काढल्यानंतरचा अनुभव

चित्र घरी आलं मे महिन्यात आणि लिहितेय आत्ता, जानेवारीत. मुद्दामच थांबले होते. तैलचित्र भिंतीवर लागलं त्या दिवशी सगळ्यांनाच आवडतं, पण ते कसं टिकतंय हे कोल्हापूरचा पाऊस गेल्याशिवाय कळत नाही. आता पाऊस झाला, दिवाळीआधीचं घराचं रंगकाम झालं, गेल्या महिन्यात चित्राला व्हार्निशही लागलं. एवढ्यानंतर सांगते, पैसे सत्कारणी लागले. तक्रारी आहेत, त्याही लिहिणार आहे.

चित्रकार तरुण मुलगी आहे. शिवाजी पेठेत एका जुन्या घराच्या माडीवर भाड्याची खोली घेऊन एकटी काम करते आणि तिथूनच विकते. तिचं काम मी पहिल्यांदा शाहू स्मारक भवनातल्या कलादालनात पाहिलं. हातातली कामं संपेपर्यंत नव्या गिऱ्हाइकांचं काम घ्यायचं नाही असं तिनं ठरवलंय, म्हणून नाव इथे देत नाही.

आमच्या बैठकीच्या खोलीत सासऱ्यांचा फोटो आहे. ते गेल्यावर ओळखपत्रावरचा फोटो मोठा करून घेतलेला, कडा धूसर, चेहरा गुळगुळीत. त्यांना पाहिलेलं कुणी त्यात त्यांना ओळखणार नाही. सासूबाईंच्या बाबतीत तसं होऊ द्यायचं नाही, त्या समोर बसलेल्या असतानाच चित्र काढून घ्यायचं, हे माझ्या मनात कधीपासून होतं. आणि चित्रात त्यांचे हात हवे होते. आत्तींनी, म्हणजे सासूबाईंनी, उभं आयुष्य कोल्हापुरी चपलांच्या वेण्या वळल्या. कातड्याच्या बारीक वाद्या ओढून ओढून उजव्या हाताचा अंगठा बाहेरच्या बाजूला वळलाय, तर्जनीच्या कडेला घट्टा आहे. आमचं घर त्या हातांवर उभं राहिलं.

हातांचे पैसे वेगळे पडतात हे मला तिथे गेल्यावर कळलं. नुसता चेहरा आणि खांदे, १६ बाय २० इंच, त्याचे ८,००० रुपये. दोन्ही हात घ्यायचे तर कॅनव्हास मोठा लागतो, शिवाय हात काढायला चेहऱ्याइतकाच वेळ जातो. त्यामुळे २० बाय २४ इंचाचे १२,०००. निम्मे आधी, निम्मे चित्र नेताना, फ्रेम आपली आपण करायची. आमच्यासारख्या घराला ही रक्कम लहान नाही, पण हप्ता न काढता देता आली. एवढ्यात परवडतं कसं, हे मी तिला सरळ विचारलं आणि तिनं सरळ सांगितलं. मध्ये गॅलरी नाही, म्हणून कमिशन नाही. लिननऐवजी सुती कॅनव्हास, तो ती स्वतः ताणते आणि त्यावर स्वतः अस्तर देते. रंगात मात्र काटकसर नाही. विद्यार्थ्यांसाठीच्या स्वस्त नळ्यांमध्ये रंगद्रव्य कमी आणि भर जास्त असते, म्हणून ती वरच्या प्रतीचे रंग घेते. गालाच्या, ओठांच्या लालीसाठी अलिझरिन क्रिमझन हा गडद लाल रंग वापरत नाही, कारण तो उजेडात फिका पडत जातो. काटकसर कुठे केलीय आणि कुठे नाही, हे गिऱ्हाइकाला उघड सांगणारा माणूस मला विश्वासाचा वाटतो.

या गावात हे नवीन नाही म्हणा. मूकपट काढणारे इथले बाबूराव पेंटर सिनेमाकडे वळायच्या आधी नाटकांचे पडदे रंगवत होते. लोकांना हवं ते काम चांगलं करून द्यायचं आणि त्यावर जगायचं, ही इथली जुनी रीत आहे.

आता बैठकांबद्दल, कारण सगळ्यात मोलाचं तेच निघालं. फोटोवरून काढून द्यायचे पैसे ती थोडे कमी घेते. तरी शक्य असेल तर माणूस घेऊन या, असं तिनं आधीच बजावलं होतं. मोबाईल जवळ धरून काढलेल्या फोटोत नाक मोठं होतं, कान मागे जातात आणि सावल्या नुसत्या काळ्या दिसतात. फोटोच द्यायचा असेल तर सहा-आठ फुटांवर उभं राहून, खिडकीच्या उजेडात, फ्लॅश न मारता काढावा.

तिच्या माडीला उत्तरेकडे खिडकी आहे. तिथून ऊन आत येत नाही, त्यामुळे उजेड दुपारभर जवळपास सारखाच राहतो. आत्तींना तिथे बसवलं. पहिल्या दिवशी त्या ताठ, फोटोला बसल्यासारख्या, हात पदराखाली. "आज्जी, हात बाहेर घ्या की." "माझ्या हाताचं काय काढतीस गं बाई? तोंड नीट काढ." मुलीनं वाद घातला नाही. पुढच्या बैठकीला तिनं कुठूनशा कातड्याच्या वाद्या आणून आत्तींच्या मांडीवर ठेवल्या आणि वेणी कशी धरतात ते दाखवायला सांगितलं. मग हात आपोआप सुरू झाले. वाद्या हलक्या प्रतीच्या आहेत म्हणून आत्तींनी तिला चांगलं झापलं, आणि झापताना चेहऱ्यावर जे आलं तेच आज भिंतीवर आहे. किंचित वर उचललेली डावी भुवई. हे कुठल्या फोटोत सापडलं असतं?

सुरकुत्यांवरून आमच्या घरात बरंच झालं. कच्चं चित्र बघून माझे यजमान म्हणाले, आई फार म्हातारी दिसते. तिनं कोळशात दोन लहान रेखाटनं करून शेजारी शेजारी ठेवली. एकात सुरकुत्या होत्या तशा, दुसऱ्यात सौम्य केलेल्या. दुसऱ्यातली बाई छान होती, पण आमची नव्हती. यजमानांनीच पहिल्यावर बोट ठेवलं. ओठ मात्र खरंच जुळले नव्हते, खालचा ओठ जाड झाला होता. तो तिनं कुरकुर न करता पुसून पुन्हा केला.

आता तक्रारी. पाडव्याला मिळणार होतं ते अक्षय तृतीया उलटून गेल्यावर मिळालं. काम चालू असताना ती फोन उचलत नाही, निरोपाचं उत्तर दोन दिवसांनी देते. पाडव्याला पाहुणे बोलावून ठेवलेल्या माणसाला याचा त्रास होतो. चित्र वर्तमानपत्रात गुंडाळून दिलं. थर वरून वाळला होता म्हणून निभावलं, पण १२,००० च्या वस्तूला कोपऱ्यांना पुठ्ठा तरी हवा. पावतीही मागितल्यावर मिळाली. तुम्ही ती पहिल्याच दिवशी मागून घ्या आणि माप, रंगाचा प्रकार, किमतीत हात धरलेत की नाही, सगळं त्यावर लिहून घ्या.

एक गोष्ट तिनं आपण होऊन केली. हे चित्र पुढे प्रदर्शनात मांडायला किंवा त्याची छबी वापरायला चालेल का, हे विचारून तसं लिहून घेतलं. १९५७ च्या कॉपीराइट कायद्यानुसार पैसे देऊन काढून घेतलेल्या व्यक्तिचित्राचे हक्क, वेगळा करार नसेल तर, काढून घेणाऱ्याकडे जातात. तयार निसर्गचित्र विकत घेतलं तर ते चित्र आपलं, हक्क मात्र चित्रकाराकडेच राहतात.

जुलैत कॅनव्हास सैल पडला. खालच्या बाजूला हलकी लाट दिसायला लागली आणि माझ्या पोटात गोळा आला. तिला कळवलं तर ती स्वतः घरी आली. चौकटीच्या मागे चारी कोपऱ्यांत लाकडी पाचरी असतात, त्या हलक्या हाताने ठोकल्या आणि कॅनव्हास पुन्हा ताणला गेला. तेव्हाच तिनं चित्राची भिंत बदलायला लावली. बाहेरची भिंत पावसात ओल धरते, चित्र आतल्या भिंतीवर हवं. फ्रेमच्या मागे खालच्या कोपऱ्यांत बुचाचे तुकडे चिकटवले, म्हणजे मागून हवा खेळते. पुढे सबंध पावसाळा चित्राला काही झालं नाही, बुरशीचा ठिपकासुद्धा नाही.

ऑक्टोबरात रंगकामासाठी चित्र जुन्या चादरीत गुंडाळून कपाटात ठेवलं होतं. बाहेर काढलं तर आत्तींच्या पांढऱ्या पातळावर पिवळट झाक. जवसाच्या तेलाचा हा गुण आहे, अंधारात ते पिवळं पडतं आणि उजेड मिळाला की बरंचसं निवळतं. थेट ऊन नको, पण भरपूर उजेडाची जागा द्या, असं ती म्हणाली. थोड्या आठवड्यांत पातळ पुन्हा पांढरं दिसायला लागलं.

व्हार्निशला इतके महिने का, हेही याच तेलामुळे. ते पाण्यासारखं उडून वाळत नाही, हवेतला प्राणवायू घेत सावकाश घट्ट होतं. हाताला कोरडं लागलं तरी आतला थर वाळायला सहा महिने ते वर्ष जातं. नखभर कोपरा तपासूनच तिनं डिसेंबरात व्हार्निश लावलं आणि काळपट, मेलेले वाटणारे भाग एकदम जिवंत झाले. केसांतला निळसर करडा रंग मला तेव्हा पहिल्यांदा दिसला.

तिच्याकडून इथल्या रंकाळा तलावाचं एक लहान जलरंगचित्रही घेतलं, १,५०० ला. तिथला जुना दगडी संध्यामठ आणि मागे ढगाळ पश्चिम. कोल्हापूरचे जुने चित्रकार आबालाल रहिमान यांनी रंकाळा इतका रंगवून ठेवलाय की त्याच जागी बसून काढायला धीर लागतो. ती बसली, आणि तिचा रंकाळा तिचाच आहे. याच्या फ्रेमनं मात्र मला रडवलं. फ्रेमवाल्यानं हलक्या प्रतीचा माउंट, म्हणजे चित्राभोवतीचा पुठ्ठा, घातला आणि कागद मागून चिकटपट्टीनं चिकटवला. पावसाळ्यात माउंटच्या कडेला तपकिरी डाग आले. आता आम्लरहित माउंट घालून, काच कागदाला टेकणार नाही अशी फ्रेम दुसरीकडून करून घेतली. त्याचे पैसे चित्राच्या निम्मे झाले, ते आधीच धरून चाला.

नात्यातल्या एकांनी ऑनलाइन 'हाताने रंगवलेलं' म्हणून चित्र मागवलं होतं, ते आमच्याकडे आणून शेजारी धरलं. कॅनव्हासवर छपाई आणि वर पारदर्शक जेलचे फटकारे. बाजूने उजेड टाकला की फटकारे गालावर आडवेतिडवे, गालाच्या गोलाईशी त्यांचा संबंध नाही. आत्तींच्या अंगठ्यावर ब्रश अंगठ्याबरोबर वळलाय. खरं-खोटं ओळखायला ही तपासणी कामाला येते.

व्हार्निशचे तिनं वेगळे पैसे घेतले नाहीत, ते ठरलेल्यातच होतं. आता माझ्या थोरल्या नणंदेला स्वतःचं चित्र हवंय आणि फोटो पाठवून काम होईल का, असं ती विचारतेय. मी तिला इचलकरंजीहून शनिवारी इकडे यायला सांगितलंय, बैठकीच्या तयारीनं.