नऊ महिने गॉश आणि वाळवंट: वापरानंतरचा अनुभव

वाळवंटातील निसर्गचित्रे आणि तिथले प्राणी रंगवण्यासाठी गेले नऊ महिने मी ट्यूबमधले गॉश, म्हणजेच अपारदर्शक जलरंग, वापरत आहे. त्याआधी माझे सगळे काम पारदर्शक जलरंगात होत असे. उजळ वाळूवर उभे असलेले उजळ हरण दाखवायचे, तर कागदाचा पांढरा भाग आधीपासून राखून ठेवावा लागे. हरीण मात्र चित्रकाराच्या नियोजनाप्रमाणे उभे राहत नाही, त्यामुळे ही कसरत दर वेळी फसे. गॉशमध्ये गडद रंगावर फिका रंग बसतो, एवढ्याच कारणासाठी मी १४ मिलिलिटरच्या बारा ट्यूबचा संच घेतला. या काळात लहानमोठी साठेक चित्रे झाली आणि त्यांपैकी निम्मी जागेवर बसून केलेली आहेत.

माझे मत आधीच सांगते. वाळू आणि प्राणी यांच्यासाठी हे माध्यम मला जलरंगापेक्षा सरस वाटले, आकाशासाठी नाही. आणि त्याचा जो एक दोष इतर विषयांत खपून जातो, तो वाळवंटात अजिबात खपत नाही.

तो दोष म्हणजे वाळताना बदलणारी छटा. गॉशमधले फिके रंग वाळल्यावर थोडे गडद होतात आणि गडद रंग थोडे फिके पडतात. दाट झाडीच्या चित्रात हा फरक कोणाच्या लक्षातही येत नाही, कारण तिथे काळोख्या सावलीपासून चकाकत्या पानापर्यंत छटांची मोठी शिडी उपलब्ध असते. दुपारच्या वाळवंटात मात्र वाळू, तिच्यावरचे सुके गवत, मागची टेकडी आणि क्षितिजाजवळचे धुळकट आकाश हे सारे त्या शिडीच्या वरच्या तीन-चार पायऱ्यांवरच दाटीवाटीने बसलेले असते. तिथे अर्धी पायरी जरी घसरली, तरी मागची टेकडी पुढे येते आणि पुढची वाळू खड्ड्यासारखी दिसू लागते. पहिल्या दोन महिन्यांत माझी बहुतेक चित्रे याच कारणाने बिघडली. शेवटी मी नेहमीच्या मिश्रणांच्या पट्ट्या एका जाड कागदावर रंगवल्या, ओल्या असतानाच प्रत्येकीचा फोटो काढला आणि वाळलेल्या पट्टीशेजारी तो ठेवून पाहू लागले. आता कोणतेही नवे मिश्रण आधी कागदाच्या कडेला लावते आणि ते पूर्ण वाळेपर्यंत थांबते. कोरड्या हवेत त्यासाठी मिनिटभरही पुरते, हा त्यातल्या त्यात दिलासा.

हा दोष मला खऱ्या अर्थाने कळला तो एका चिंकाऱ्यामुळे. चिंकाऱ्याची पाठ तांबूस बदामी, कुशी त्याहून फिकट आणि पोट पांढरे असते. अमेरिकन चित्रकार ॲबट थेयर यांनी १८९६ मध्ये या रंगरचनेमागचे कारण मांडले होते: ऊन वरून पडते म्हणून पाठ उजळते आणि पोट सावलीत जाते, पण पाठ मुळात गडद आणि पोट मुळात पांढरे असल्यामुळे दोन्ही परिणाम एकमेकांना खोडून काढतात आणि प्राण्याची गोलाई नजरेला जाणवतच नाही. एका चित्रकाराने प्राणिशास्त्राला दिलेली ही देणगी आहे आणि आपल्यासारख्यांसाठी ती मोठी पंचाईतही आहे, कारण आपण सारे आयुष्य प्रकाश-छायेतून गोलाई दाखवायला शिकतो आणि हा प्राणी नेमकी तीच पुसून समोर उभा राहतो. त्या दुपारी मी दुर्बिणीतून बराच वेळ पाहिले. उन्हातली पाठ आणि सावलीतले पोट यांची उजळता जवळजवळ एकच होती. फरक होता तो केवळ रंगाच्या प्रकृतीत. पाठ पिवळसर उष्ण होती, पोट वरच्या भागात निळसर थंड होते आणि अगदी खालच्या कडेला वाळूवरून परतणाऱ्या उन्हाची नारिंगी झाक होती. मी पाठीसाठी यलो ऑकर (मातकट पिवळा), थोडा बर्न्ट सिएना (तांबूस तपकिरी) आणि पांढरा, तर पोटासाठी भरपूर पांढऱ्यात अल्ट्रामरीनचा (गडद निळ्याचा) लवलेश आणि चिमूटभर सिएना अशी दोन मिश्रणे केली. ओली असताना ती अगदी बरोबरीची दिसत होती. वाळल्यावर पांढऱ्याने भरलेले पोटाचे मिश्रण गडद झाले, पोटाखाली राखाडी पट्टा उमटला आणि वाळूत विरघळून जाणाऱ्या हरणाऐवजी कागदावर मातीचे गोलमटोल खेळणे उभे राहिले.

त्याच चित्राने गॉशची ताकदही दाखवली. दुसऱ्या दिवशी मी पोटाचे मिश्रण अर्धी छटा अधिक उजळ केले, वाळलेल्या थरावरच एका दमात ठेवले आणि चूक मिटली. जलरंगात असे चित्र टाकूनच द्यावे लागले असते. शेजारी शेजारी ठेवलेले दोन सपाट, जवळच्या छटांचे, चकाकी नसलेले रंग ही या माध्यमाची खरी भाषा आहे आणि वाळवंटातले प्राणी नेमके याच भाषेत रंगवता येतात. संध्याकाळचे तिरपे ऊन आले, की थेयर यांचा हिशेब मोडतो. कुशीवर ऊन पडते, पोटाची पांढरी कड चमकते आणि इतका वेळ न दिसलेला कळप अचानक दिसू लागतो. ती चमकती कड सर्वांत शेवटी, जाडसर रंगाने, एकाच फटकाऱ्यात ठेवण्यात जो आनंद आहे तो मला दुसऱ्या माध्यमात मिळालेला नाही.

उंटाच्या बाबतीत माध्यमाचा प्रश्न आलाच नाही, प्रश्न माझ्या निरीक्षणाचा होता. उंट चालताना एका बाजूचे दोन्ही पाय जवळजवळ एकत्र टाकतो आणि मी सवयीने घोड्याचे तिरके पाय काढून ठेवले होते. त्याच्या अंगावरची विरळ, गुठळ्या झालेली लोकर मात्र जवळजवळ कोरड्या ब्रशने खरखरीत कागदावर फार सुरेख येते.

वाळूच्या रंगाविषयी थोडे अधिक लिहिते, कारण संचातल्या ट्यूबची निवड त्यावरच ठरते. बहुतेक वाळू म्हणजे क्वार्ट्‌झचे कण, आणि त्यांना पिवळा-तांबडा रंग देते ती कणांवरची लोहाच्या ऑक्साइडची पातळ पुटे. आफ्रिकेच्या नैर्ऋत्य किनाऱ्यावरील नामिब वाळवंटात समुद्राजवळच्या टेकड्या फिकट आहेत आणि आत जावे तशा त्या तांबड्या होत जातात. यलो ऑकर, बर्न्ट सिएना आणि तांबडा ऑकर हे रंगही लोहाच्या ऑक्साइडांचेच असतात, म्हणजे वाळूला रंग देणारा पदार्थच ट्यूबमध्ये असतो. त्यामुळे माझी नव्वद टक्के वाळू या तीन रंगांत पांढरा आणि अल्ट्रामरीन मिसळून होते. संचातला तयार ‘सँड’ रंग मी दोनदा वापरून बाजूला ठेवला. तो उन्हातही तोच आणि सावलीतही तोच दिसतो. सावलीतल्या वाळूत वरच्या आकाशाचा निळा आणि शेजारच्या उन्हातल्या वाळूचा परतलेला उष्ण रंग अशी दोन्ही सरमिसळ असते आणि ती पॅलेटवरच करावी लागते. न्यू मेक्सिकोतील व्हाइट सँड्‌सची वाळू जिप्समची, पांढरीशुभ्र आहे. तशी वाळू रंगवायची तर हे सूत्र चालणार नाही.

टेकडीच्या माथ्याची धारदार रेघ गॉशमध्ये फार स्वच्छ येते. (माझ्या जुन्या चित्रांतल्या टेकड्यांचा उतार मी एकदा कोनमापकाने मोजला, तो पन्नास अंशांच्या आसपास निघाला. सुटी वाळू साधारण चौतीस अंशांपेक्षा अधिक उभी राहत नाही, हे मला आधी कळायला हवे होते.) आकाशात मात्र हे रंग मार खातात. मोठ्या जागेत निळ्यापासून क्षितिजाच्या धुळकट पांढऱ्यापर्यंतचा उतरता रंग लावताना वरचा पट्टा वाळून जातो आणि खालच्याशी मिसळताना ब्रशचे ओरखडे उठतात. पाण्यात ग्लिसरिनचे दोन थेंब टाकल्याने थोडा वेळ मिळतो, पण प्रमाण वाढले की चित्र दिवसभर चिकट राहते आणि त्यावर उडती वाळू बसते. मी आता आकाश पारदर्शक जलरंगात करून घेते आणि खालचा भाग गॉशमध्ये. पारदर्शक रंगात वाळवंट साधत नाही, असा अर्थ कोणी काढू नये; मध्य ऑस्ट्रेलियातील अरेंट समाजाचे चित्रकार अल्बर्ट नमाटजिरा यांनी तिथल्या तांबड्या डोंगरांची आणि पांढऱ्या बुंध्यांच्या झाडांची चित्रे जलरंगातच केली. तेवढा संयम माझ्यापाशी नाही, इतकेच.

जागेवरच्या कामात वारा आणि कोरडेपणा यांचा त्रास सर्वांत जास्त. उघड्या पॅलेटवरचे रंग पाहता पाहता सुकतात. खाली ओला स्पंज असलेली झाकणाची पॅलेट घेतल्यावर प्रश्न बराच सुटला, मात्र ती दोन आठवडे बंद राहिली तेव्हा आत बुरशी आली. जाड थर वाळताना तडकतात. दोन पातळ थर द्यावेत. कपाळावरून ओघळलेला घामाचा एक थेंब पूर्ण झालेल्या उंटाच्या मानेवर पडला आणि तिथे आजही गोल डाग आहे, कारण या रंगातला डिंक वाळल्यावरही पाण्याने पुन्हा सुटतो. तयार चित्र काचेखाली, माउंट लावूनच ठेवावे लागते. गंमत अशी, की हा डिंक मुख्यतः सहाराच्या दक्षिणेकडील कोरड्या पट्ट्यात वाढणाऱ्या बाभळीच्या कुळातल्या झाडांचा असतो; कोरड्या प्रदेशातलाच माल कोरड्या हवेत इतका नाराज होतो.

उत्पादकाविषयी माझी एक तक्रार आहे. बारापैकी तीन ट्यूबवर रंगद्रव्याचा क्रमांक, म्हणजे आत नेमके कोणते रंगद्रव्य आहे हे सांगणारा संकेत, छापलेलाच नव्हता, त्यामुळे ते रंग उन्हात टिकतील की नाही हे कळेना. मी सर्व रंगांच्या पट्ट्या अर्ध्या झाकून चार महिने उन्हाच्या खिडकीत ठेवल्या. मातीचे रंग, पांढरा आणि अल्ट्रामरीन यांच्यात काहीच फरक पडला नाही. क्रमांक नसलेल्या तिघांपैकी भडक गुलाबी जवळजवळ उडून गेला आणि जांभळा निस्तेज झाला. सूर्यास्ताच्या दोन चित्रांत मी तो गुलाबी वापरला होता, ती आता पुन्हा करावी लागतील. पत्र पाठवून विचारले, तर उत्तरात फक्त माहितीपत्रक आले.

नऊ महिन्यांच्या शेवटी संचाची स्थिती अशी आहे: पांढऱ्याच्या तीन ट्यूब संपल्या, ऑकर आणि सिएना दुसऱ्यांदा घेतले, अल्ट्रामरीन तळाला आला आहे, हिरव्या दोन्ही ट्यूबचे सील अजून फुटलेले नाही. पुढच्या वेळी संच न घेता सहा ट्यूब सुट्या घेईन, आणि त्यांतल्या दोन पांढऱ्या असतील.