शिमग्याआधी टेम्पोतून येणारी 'गावठी तलंगा' (अजून अंड्यावर न आलेल्या तरुण कोंबड्या) घेत असाल तर हे आधी वाचा

शिमगा जवळ आला की आमच्या राजापूर-लांज्याच्या बाजूला टेम्पो फिरायला लागतात. मागे जाळीचे क्रेट, त्यात पिल्लं, आणि भोंग्यावर गावठी, कडकनाथ, गिरिराज अशी नावं. सगळेच फसवतात असं मी म्हणत नाही, वर्षानुवर्षं चांगली पिल्लं देणारी माणसंपण आहेत. पण गेल्या वर्षी आमच्या वाडीला जो गंडा घातला गेला त्यात पैसे गेले ते गेलेच, वर घरोघरच्या जुन्या कोंबड्या गेल्या, आणि ते कशाने भरून येणार नाही म्हणून हे सगळं सविस्तर लिहितेय. कोणाला मोठं वाटलं तरी पूर्ण वाचा, कारण फसवायची पद्धत नीट कळली तरच ती ओळखता येईल.

कोकणात राहणाऱ्यांना सांगायला नको, पण बाहेरच्यांसाठी सांगते. आमच्याकडे कोंबडी रवणीला, म्हणजे अंडी उबवायला, बसवायची ती माघ-फाल्गुनात. तेव्हा हवा कोरडी असते, पिल्लं जगतात, पाऊस लागायच्या आत अंगावर पिसं धरतात. मिरग सुरू झाल्यावरची पिल्लं ओलीने पटापट मरतात. त्याच दिवसात परसात विहिरीच्या बाजूला लाल माठ, मुळा, वाली, मिरची असतेच, न्हाणीचं पाणी केळीला आणि माडाला जातं, कोंबड्या आंबा-काजूच्या खालचा पातेरा उकरून वाळवी, किडे खातात, त्यांचं खत परत वाफ्यात. म्हणजे घरातल्या बाईच्या हातात चार पैसे येतात ते ह्याच दिवसात, अंडी विकून, चाकरमानी आले की कोंबडा विकून. त्यामुळे ह्या टेम्पोवाल्यांना बरोबर माहिती असतं कधी यायचं.

आमच्याकडे आलेला माणूस भोंगा लावून आला नव्हता. तो आधी मोटरसायकलवरून आला, एकटाच, आणि सरळ बचत गटाची मीटिंग कधी असते ते विचारलं. मीटिंगला आला तो फाईल घेऊन. बोलणं एकदम व्यवस्थित, ताई-ताई करत. म्हणाला परसबागेतल्या कुक्कुटपालनाची योजना आहे, २५ तलंगा आणि ३ नर असा गट, निम्मं अनुदान, निम्मे पैसे तुमचे. आता हे खरंच आहे बरं का, पशुसंवर्धन खात्याची अशी तलंगा गटाची योजना आहे, २५ अधिक ३ चीच, ५० टक्के अनुदानाची, आणि आमच्यातल्या दोघीतिघींनी ती ऐकलेली होती. म्हणून तर त्याचं बोलणं खरं वाटलं. त्याने खोटी योजना रचलीच नाही, खरी योजना उचलली आणि मध्ये स्वतः उभा राहिला. खऱ्या योजनेत अर्ज पंचायत समितीत जातो, लाभार्थी निवडले जातात, कोणी माणूस वाडीत येऊन रोख पैसे गोळा करत नाही.

आमच्या गटातल्या बायकांनी विचारायचं ते सगळं विचारलं. लसीकरण झालंय का? तर त्याने छापील कार्ड काढलं, मॅरेक्स, लासोटा, गंबोरो, आर-टू-बी, सगळ्यापुढे तारखा. वय किती? तर सहा आठवडे. मादी नक्की का? तर लिहून देतो म्हणाला आणि पावतीवर लिहून पण दिलं. अंडी घालायला लागली की अंडी आम्हीच उचलू असं पण त्यात छापलेलं. निम्मे पैसे आगाऊ, निम्मे पिल्लं हातात आल्यावर. पैसे युपीआयने घेतले आणि नाव भलतंच आलं, तर म्हणे भावाचं अकाउंट आहे, माझं लिमिट संपलंय.

त्याने दाखवायला आणलेल्यात काही काळी पिल्लं वेगळ्या भावाने होती, कडकनाथ म्हणून. आमच्या शेजारच्या काकींनी एक उलटं धरून बघितलं तर पायाचे तळवे पांढरट गुलाबी. त्या तिथेच बोलल्या की कडकनाथ तर सगळाच काळा असतो, तर तो हसून म्हणाला वयात आल्यावर काळा होतो. हे साफ खोटं आहे. कडकनाथ मूळ मध्य प्रदेशातल्या झाबुआचा, २०१८ मध्ये त्याला जीआय (भौगोलिक मानांकन) मिळालंय, आणि त्याचा काळेपणा कातडीत, मांसात, हाडाच्या पापुद्र्यापर्यंत असतो, मोठा झाल्यावर चढणारा नसतो. चोच, पाय, तळवे गडद, तुरा आणि जीभ पण काळपट-जांभळी. नुसती पिसं काळी असलेल्या जाती वेगळ्या, ऑस्ट्रॉलॉर्पची पिसं काळीकुळकुळीत असतात पण कातडी पांढरी. आणि कडकनाथचं अंडं काळं असतं असं कोणी सांगितलं तर तो माणूस खोटं बोलतोय हे धरून चाला, अंडं साधं फिकट तपकिरी असतं. २०१९ मध्ये सांगली-सातारा-कोल्हापूरकडे ह्याच कडकनाथच्या नावावर शेतकऱ्यांचे कोट्यवधी बुडाले, ते सगळ्यांनी पेपरात वाचलंय, तरी अजून ते नाव चालतं. आमच्या काकींनी त्यांची कडकनाथची ऑर्डर तिथेच काढून टाकली, पण बाकीची पिल्लं तर गावठीच म्हणून होती, त्यात कोणाला शंका येणार.

पिल्लं आली ती रात्री. म्हणे दिवसा उन्हाने मरतात, म्हणून रात्रीचा प्रवास. मार्चमधलं आमचं ऊन बघता हे पटण्यासारखंच आहे, पण आता कळतं की रात्र मुद्दाम निवडली होती. टॉर्चच्या उजेडात क्रेटमधून हातात देत गेला, मोजून घ्या मोजून घ्या म्हणत, घाई चाललेली, पुढच्या गावात जायचंय. वर प्रत्येक घराला एक गोणी कोंबडीखत फुकट, परसबागेसाठी. उरलेले पैसे तिथल्या तिथे घेतले आणि गेला.

सकाळी सासूबाईंनी खुराडं उघडलं आणि बघतच राहिल्या. त्यांना लिहिता-वाचता फारसं येत नाही पण कोंबड्यांमधलं त्यांना जे कळतं ते मी कुठल्या पुस्तकात बघितलं नाही. म्हणाल्या, "ह्यात मादी खय हाय गो? सगळे नरच दिसतात माका." पांढरट अंगाचे, मध्ये मध्ये लालसर ठिपके, लांब लांब पाय, आणि तुरे आत्ताच गुलाबी होऊन वर आलेले. एवढ्या लहान वयात तुरा लाल आणि मोठा दिसायला लागला की तो नर, तलंगेचा तुरा तेव्हा लहान आणि फिकट असतो. आणि शेपटीकडे पंखांच्या मुळाशी जे डाग होते ते हाताला लागत होते, म्हणजे थोडासा रंग मारलेला, गावठी दिसावीत म्हणून.

नंतर जनावरांच्या डॉक्टरांकडून कळलं की हा माल येतो कुठून. अंड्यांच्या धंद्यासाठी ज्या जातींची पिल्लं हॅचरीत काढतात त्यात साधारण निम्मे नर निघतात. ते अंडी तर घालणार नाहीत, आणि अंगावर मांस पण धरत नाहीत, खातात आणि उंच होतात फक्त. हॅचरीला ते नकोच असतात, पहिल्याच दिवशी वेगळे काढतात. तेच नर मातीमोल भावात उचलायचे, दोन-चार आठवडे कसेबसे पोसायचे आणि गावठी तलंगा म्हणून शेकड्याने विकायचे. आमच्याकडून एका पिल्लाचे १३० रुपये घेतले होते. त्यांच्यावर लस वाया कोण घालवणार? कार्ड डॉक्टरांनी बघितलं आणि लगेच बोट ठेवलं. आर-टू-बी ही लस साधारण आठ आठवड्यांनंतर देतात, आणि ह्याची पिल्लं त्याच्याच म्हणण्याप्रमाणे सहा आठवड्यांची. शिवाय सगळ्या घरांच्या कार्डावर तीच तारीख, तेच अक्षर, झेरॉक्स काढलेली.

इथपर्यंत फक्त पैसे गेले होते.

मग पिल्लं मलूल व्हायला लागली. हिरवट पातळ शीट, तोंड उघडून घरघर श्वास, पंख लोंबलेले, आणि काहींची मान मागे पिळवटल्यासारखी वाकडी. आमच्याकडे हिला मानमोडी म्हणतात, सरकारी भाषेत राणीखेत. हिला औषध नाही, लस हाच उपाय. त्या पिल्लांबरोबर ती आमच्या खुराड्यात आली, एका घरातून दुसऱ्या घरात गेली, पाण्याच्या भांड्यातून, चपलांना लागून, आणि हो, त्या फुकटच्या खतातून पण. डॉक्टर म्हणाले ते खत आजारी शेडमधलंच कच्चं असणार. आमच्या परसात ते वाफ्यांना घातलं होतं, तर मिरचीची आणि काकडीची रोपं पण दोन-चार दिवसात पानं करपून गेली, कारण कोंबडीचं कच्चं खत फार उष्ण, दोन-तीन महिने कुजवल्याशिवाय ते मुळाशी घालायचंच नसतं. म्हणजे खुराडं पण गेलं आणि वाफा पण.

सासूबाईंची एक तांबडी कोंबडी होती, मानेवर पिसं नसलेली. ही जात त्यांनी लग्न झाल्यावर माहेराहून आणलेल्या अंड्यांपासून धरून ठेवलेली, दरवर्षी तिच्यातलीच एक तलंग ठेवायची. अशी कोंबडी आमच्या उकाड्याला टिकते, रवणीला मन लावून बसते, घार आली की पिल्लं पंखाखाली घेते, मुंगसाच्या अंगावर धावून जाते. ती तेव्हा अंड्यांवर बसलेली होती. अंड्यांवरच मेली. सासूबाई त्या दिवशी जेवल्या नाहीत. ज्यांना वाटतं की कोंबडीच तर होती, त्यांना मी काही समजावू शकत नाही, पण ज्यांच्या घरात अशी जात पिढ्यान् पिढ्या आहे त्यांना कळेल.

वाडीतली बहुतेक खुराडी रिकामी झाली. आम्ही लगेच पशुवैद्यकीय दवाखान्यात कळवलं आणि हे तुम्ही पण करायचंच, लपवायचं नाही, कारण असं पटापट मरण बर्ड फ्लूमध्ये पण होतं आणि नुसतं बघून दोन्हीतला फरक सांगता येत नाही. जानेवारी २०२५ मध्ये आपल्याच रायगडात उरणजवळ चिरनेरला बर्ड फ्लू निघाला होता, तो घरगुती कोंबड्यांमध्येच. आमच्याकडची मेलेली कोंबडी तपासायला नेली, मानमोडीच निघाली. मेलेले पक्षी खोल खड्ड्यात चुना टाकून पुरायचे, वहाळात टाकायचे नाहीत, कुत्र्यांना मिळू द्यायचे नाहीत, आणि आजारी कोंबड्या स्वस्तात विकून टाकायच्या हे तर अजिबात नाही, एका घराने तसं केलं असतं तर खालच्या वाडीत पण गेलं असतं.

त्या माणसाचा फोन पिल्लं दिल्यानंतर दोनदा लागला, "ताई वातावरणाने होतंय, हळद-गूळ पाण्यातून द्या" म्हणाला, मग बंद. पावतीवरचा पत्ता कोल्हापूरकडचा होता, तिथे आमच्या ओळखीच्या माणसाने जाऊन बघितलं तर त्या गाळ्यात मोबाईल रिपेरिंगचं दुकान. आम्ही सगळ्यांनी मिळून पोलिसात लेखी तक्रार दिली, पावत्या, कार्डाच्या झेरॉक्स, युपीआयचे स्क्रीनशॉट, डॉक्टरांचा रिपोर्ट जोडून. ऑनलाइन पैसे गेले असतील तर १९३० वर जितक्या लवकर फोन कराल तितकं बरं, खातं गोठवायला वेळ मिळतो. आमच्याकडे सगळे मरतुकीत अडकलेले, उशीर झाला. १९१५ ही ग्राहक हेल्पलाइन आहे, तिथेपण नोंद केलीय. पैसे अजून आलेले नाहीत.

आता घेणाऱ्यांसाठी. पिल्लं दिवसाउजेडीच घ्या, आणि घेताना प्रत्येक पिल्लू हातात घेऊन तुरा, पाय, शेपटीखालची जागा बघा, तिथे शीट चिकटलेली असेल तर ते पिल्लू नकोच. मादीच आहेत असं म्हणून विकणाऱ्याला म्हणावं दोन महिन्यांची दे, तेव्हा नर-मादी कोणालाही दिसतं. वनराजा, ग्रामप्रिया, गिरिराज ह्या सुधारित जाती चांगल्या आहेत, परसात चालतात, पण त्या पंचायत समितीच्या पशुधन विकास अधिकाऱ्यांना विचारून सरकारी उबवणी केंद्राकडून घ्या, पुण्याला खडकीला मध्यवर्ती केंद्र आहे, दापोलीच्या कोकण कृषी विद्यापीठात पण माहिती मिळते. नंबर लागायला वेळ जातो हे खरं आहे, टेम्पोवाला लगेच देतो, तिथेच माणूस भुलतो. आणि कुठूनही आणलीत, अगदी बहिणीकडून आणलीत तरी नवीन पक्षी दोन-तीन आठवडे घराच्या दुसऱ्या बाजूला वेगळे ठेवा, त्यांचं पाणी वेगळं, आणि आधी आपल्या कोंबड्यांना दाणे घालून मग त्यांच्याकडे जा.

लसीचं एक सांगते, कारण घरोघर ती का दिली जात नाही त्याचं कारण साधं आहे. लासोटाची, म्हणजे मानमोडीवरच्या लसीची, कुपी शंभर-दोनशे पक्ष्यांची येते, बर्फात आणावी लागते आणि एकदा कालवली की तास-दोन तासात संपवावी लागते. ज्याच्याकडे दहा कोंबड्या आहेत तो एकटा कशी आणणार? आता आम्ही वाडीतल्या सगळ्या घरांनी मिळून एक दिवस ठरवलाय, दवाखान्यातून कुपी थर्मासमधून आणायची आणि संध्याकाळी कोंबड्या खुराड्यात शिरल्या की घरोघर जाऊन डोळ्यात थेंब घालायचे. ते सुरू झालंय.

खुराडी चुन्याने सारवून आम्ही पावसाळाभर रिकामी ठेवली. दसऱ्यानंतर सासूबाईंच्या माहेरी विचारलं, तिथे त्यांच्या भावजयीकडे त्याच तांबड्या जातीची कोंबडी अजून आहे, तिची अंडी आणलीत.

ही माणसं एका तालुक्यात दोनदा येत नाहीत. आमच्यानंतर देवगडकडे आणि वर गुहागरकडे अशीच फाईल घेऊन कोणीतरी बचत गटात फिरल्याचं ऐकलंय. तुमच्याकडे २५ अधिक ३ चा गट, छापील लसीचं कार्ड, रात्रीची डिलिव्हरी आणि खताची फुकट गोणी असा प्रकार झाला असेल तर पावती फाडून टाकू नका. तिचा फोटो आणि पैसे ज्या नावावर गेले तो स्क्रीनशॉट घेऊन आपापल्या पोलीस ठाण्यात तक्रार द्या, आणि त्यात राजापूर तालुक्यात अशीच तक्रार आधीच आहे असं स्पष्ट लिहा.