सम्पमधला अल्गी स्क्रबर: जवळजवळ वर्षभर वापरल्यावर

रीफ टँकमध्ये, म्हणजे जिवंत प्रवाळ (कोरल) आणि मासे असलेल्या खाऱ्या पाण्याच्या टँकमध्ये, शेवाळ आलं की पहिला सल्ला ठरलेला असतो: माशांचं खाणं कमी करा. सल्ला खोटा नाही, पण अँथियास मासे पाळणाऱ्याला त्याचा काही उपयोग नाही. लायरटेल अँथियास प्रवाहातून येणारे बारीक जीव दिवसभर टिपत जगतात. त्यांना दिवसातून एकदाच खाणं दिलं तर हळूहळू पोटं खपाटीला जातात, मग रंग उतरतो. माझ्या साडेतीनशे लिटरच्या टँकमध्ये त्यांचा छोटा कळप आहे, शिवाय क्लाउनफिशची जोडी, एक कोले टँग आणि टॉर्च-हॅमरसारखे कोरल. रोज साधारण दोन क्यूब फ्रोझन मायसिस (कोळंबीसारखे बारीक जीव) तीन-चार वेळा विभागून जातो, टँगसाठी नोरीचा (वाळवलेल्या समुद्री शेवाळाचा) तुकडा वेगळा. त्यात काटछाट करायचीच नाही असं ठरवल्यावर प्रश्न एवढाच राहिला, की आत गेलेलं बाहेर कुठून काढायचं?

पाण्यात बुडबुडे सोडून फेस काढणारा स्किमर होताच, पण तो शेवाळाचं खाद्य असलेलं, विरघळलेलं नायट्रेट आणि फॉस्फेट थेट काढत नाही. सेंद्रिय कचरा कुजायच्या आत फेसाबरोबर जेवढा निघेल तेवढाच. जीएफओ (लोह ऑक्साइडचे दाणे) फॉस्फेट ओढून घेतो पण नायट्रेटच्या वाटेला जात नाही, आणि ताजा भरला की फॉस्फेट इतक्या झपाट्याने पाडतो की टॉर्च दोन दिवस मिटून बसतो. म्हणून अल्गी स्क्रबर घेतला, म्हणजे जाळीवर मुद्दाम शेवाळ वाढवून ते खरवडून फेकायचं यंत्र, आणि सम्पमध्ये, टँकला जोडलेल्या खालच्या टाकीत, बसवला. ही कल्पना जुनी आहे. स्मिथसोनियन संस्थेतले वॉल्टर एडी यांना 1982 मध्ये अल्गल टर्फ स्क्रबरचं पेटंट मिळालं. माझा स्क्रबर आजच्या उभ्या पद्धतीचा आहे: खरखरीत केलेली प्लास्टिकची जाळी, वर आडवी चीर पाडलेली नळी, चिरेतून जाळीच्या दोन्ही अंगांनी पाणी ओघळतं आणि दोन्ही बाजूंना 660 नॅनोमीटरचे लाल एलईडी.

आकार ठरवताना टँकचे लिटर बघू नका, खाणं बघा. छंदातला रूढ हिशोब असा: रोजच्या एका क्यूबला दोन्ही बाजूंनी उजेड असलेली 12 चौरस इंच जाळी, आणि जाळीच्या रुंदीच्या दर इंचाला ताशी सुमारे 130 लिटर पाणी. माझी जाळी 4 बाय 6 इंच, म्हणजे बरोबर दोन क्यूबची, आणि पंप ताशी सव्वापाचशे लिटरच्या आसपास देतो. मोठी जाळी म्हणजे जास्त ताकद, हा समज सोडून द्या. खाण्याच्या मानाने जाळी मोठी झाली की त्यावर धड काहीच वाढत नाही.

सुरुवातीला धीर लागतो. पहिले काही आठवडे जाळीवर नुसता तपकिरी चिकट थर असतो, मग कुठेकुठे हिरवे ठिपके, आणि बऱ्याच उशिराने खरं केसाळ शेवाळ. तोवर मुख्य टँकमधल्या खडकांवरचं शेवाळ जसंच्या तसं राहतं, किंबहुना अंगावर आल्यासारखं वाटतं. फॉस्फेटचा आकडाही हलत नाही, कारण जुना लाइव्ह रॉक (टँकमधला जिवाणूंनी भरलेला सच्छिद्र खडक) फॉस्फेट धरून बसलेला असतो आणि पाण्यातलं कमी झालं की तो आपल्यातलं सोडतो. या काळात खडकावरचं शेवाळ हाताने उपटून सायफनने बाहेर काढणं चालूच ठेवावं लागतं. स्क्रबर ते काम करणार नाही. तो फक्त परत वाढायला लागणारं खाद्य त्याच्या तोंडून काढून घेतो.

तोंडून काढून घेतो म्हणजे काय, ते समजून घेण्यासारखं आहे. माशांच्या शरीरातला बहुतेक नायट्रोजन कल्ल्यांवाटे अमोनिया म्हणून बाहेर पडतो. जाळीवरचं शेवाळ हा अमोनियम थेट उचलतं, त्यामुळे त्याचं नायट्रेट होण्याची वेळच येत नाही. कोरलनाही अमोनियम लागतो, म्हणून वाट्यावरून ओढाताण असते, पण माशांना वरचेवर खाणं मिळत असलं की दोघांचं भागतं. फ्रोझन खाण्याचं वितळलेलं पाणी फेकून देणारे खूप आहेत. खुशाल फेका, पण त्याने फार फरक पडेल असं समजू नका. फॉस्फरसचा मोठा वाटा त्या मायसिसच्याच अंगात असतो आणि तो तर माशांना द्यायचाच आहे.

दर आठ-दहा दिवसांनी खरवडणं हा या यंत्राचा आत्मा. पंप बंद करून जाळी सिंकमध्ये आडवी ठेवायची आणि जुन्या प्लास्टिक कार्डाच्या कडेने वरून खाली ओढायचं. नीट वाढ झाली असेल तर मूठभर हिरवा लगदा ओल्या लोकरीसारखा गोळा होऊन येतो, त्यात अँफिपॉड नावाचे इवलेसे किडे तडफडत असतात. मग जाळी नळाच्या गोड्या पाण्यात धुवायची, म्हणजे शेवाळ खाऊन ते सैल करणारे हे किडे मरतात. पातळ हिरवा थर मात्र राहू द्यायचा, नाहीतर पुढची वाढ पुन्हा पहिल्यापासून. पिळून कचऱ्यात टाकलेला तो गोळा म्हणजेच तुमचं नायट्रेट आणि फॉस्फेट. खरवडायला तीन आठवडे लावले तर आतल्या थराला उजेड मिळत नाही, तो कुजून सुटतो आणि काढलेलं सगळं पाण्यात परत.

माझ्या मते टेस्ट किटपेक्षा जाळीचा रंग जास्त खरं बोलतो. खडकांवर शेवाळ माजलेलं असतानाही पाण्यात फॉस्फेट शून्य दिसू शकतं, कारण ते शेवाळानेच पिऊन टाकलेलं असतं. जाळीवर काळपट, चिकट थर असेल तर पाण्यात खाद्य जास्त आणि उजेड कमी. गर्द हिरवं आणि केसाळ असेल तर सगळं जागेवर. पिवळट, रबरासारखी वाढ म्हणजे उजेड जास्त आणि खाद्य कमी, कधीकधी लोहाचाही तुटवडा. तरी मी आकडे बघतोच. अतिसूक्ष्म प्रमाण मोजणारा मीटर पीपीबीमध्ये (अब्जात किती भाग) फॉस्फरस दाखवतो, फॉस्फेट काढायला त्याला 3.066 ने गुणायचं. म्हणजे 20 दिसले तर फॉस्फेट साधारण 0.06 पीपीएम (दहा लाखात किती भाग). मला 0.03 ते 0.1 च्या मध्ये फॉस्फेट आणि 5 ते 10 पीपीएम नायट्रेट हवं असतं.

आता खरी गंमत, जी विक्रेते सांगत नाहीत. स्क्रबर जोमात आला की तो थांबत नाही. पाचव्या-सहाव्या महिन्याच्या सुमारास माझं नायट्रेट मोजता येईना, हॅमरची टोकं फिकी पडली आणि वाळूवर तपकिरी, बुडबुडे धरलेल्या तारा दिसू लागल्या. डायनोफ्लॅजेलेट्स, म्हणजे एकपेशीय सूक्ष्मजीव. हिरव्या शेवाळापेक्षा हे शंभरपट वाईट, कारण पाणी जितकं उपाशी तितकं यांचं फावतं. काही जाती विषारीही असतात, गोगलगाई मरायला लागल्या की ओळखावं. उपाय उलटा निघाला: खाणं वाढवलं आणि स्क्रबरचे दिवे 18 तासांवरून 9 वर आणले. आकडे वर आले, तारा हळूहळू विरळ होत गेल्या. तेव्हापासून टायमर हीच माझी मुख्य कळ आहे. खाणं वाढलं की तास वाढवायचे, बाहेरगावी जाताना ऑटो फीडर कमी टाकणार असेल तर तासही कमी. दिवे रात्री लावले की मुख्य दिवे बंद असताना पीएच कमी घसरतो, हा वरचा फायदा.

त्रासही आहेत. नळीच्या चिरेत शेवाळ वाढून पाण्याचा पडदा मध्येच फाटतो, तिथे जाळी कोरडी पडते. मी चिरेवर काळी प्लास्टिकची पट्टी बसवली, तेव्हा कुठे कमी झालं. तुषार उडून सम्पच्या कडांवर मिठाचे थर बसतात. पाणी किंचित पिवळसर होतं, म्हणून महिन्याला थोडा ॲक्टिव्हेटेड कार्बन लागतो. आणि दिव्यांची भिंग दर वेळी पुसली नाहीत तर उजेड कधी कमी झाला ते कळतही नाही.

दोन क्लाउनफिश आणि चार सॉफ्ट कोरल असलेल्या छोट्या टँकला हे घेऊ नका, आठवड्याचं पाणी बदलणं पुरेसं आहे. ज्याला खरवडायचा कंटाळा आहे त्यानेही नाही. पण माशांची तोंडं जास्त आहेत आणि त्यांना पोटभर द्यायचं आहे, तर माझी शिफारस आहे. स्किमर मी काढलेला नाही. जीएफओचा रिॲक्टर (दाणे भरायचं भांडं) धुवून कपाटात ठेवला आहे. कोणाला हवा असेल तर सांगा.